डबा घेऊन आलेला माणूस

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारच्या जेवणाला मी घरातल्या सगळ्यांना बसवून घेतलं आणि सांगितलं, की मी गेल्यावर माझे डोळे द्यायचे. दवाखान्यात मेंदू बंद पडून गेलो, तर जे जे कुणाच्या कामी येईल ते सगळंच द्यायचं. बायको म्हणाली, "ही काय बोलायची वेळ हाय का? समोर ताट हाय." धाकटा हसला. थोरल्यानं मात्र हातातली वाटी खाली ठेवली.

"बाबा, एकदम आजच कामून?"

"माणिकरावांमुळं."

"कोण माणिकराव?"

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि माझ्या घरात त्या माणसाचं नाव कुणाला माहीत नव्हतं. मी चुकून विसरलो नव्हतो. मी घेतच नव्हतो ते नाव. त्या दुपारी थोडंसं सांगितलं. जे सांगायचं राहिलं ते इथं लिहितो.

माणिकराव सोनकांबळे आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेत्र विभागात होते. चष्म्याचे नंबर काढणं, डोळ्यांत औषध घालणं, शिबिरासाठी मोतीबिंदूचे पेशंट गोळा करणं, हे त्यांचं काम. मी केसपेपरच्या खिडकीत बसणारा नवा बाबू, वय चोवीस. लातूर जिल्हा वेगळा होऊन तीनचार वर्षं झाली होती आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. खुर्च्या, कपाटं, शिक्के अजून जुन्याच जिल्ह्याचे. छापील फॉर्मसुद्धा. एकदा लातूरच्या हापिसानं माणिकरावांचे फॉर्म त्याच कारणानं परत पाठवले. त्यांनी पट्टी घेतली आणि दुपारभर बसून एकेका फॉर्मवरचं 'उस्मानाबाद' खोडून वर सुबक अक्षरात 'लातूर' लिहिलं.

मी म्हणालो, "नवीन छापून येतील की."

"येतील तवर मानसं मरायची थांबनार हायत का, बिरादार?"

ते फॉर्म नेत्रदानाचे होते. माणिकरावांना त्या कामाचा कुठला आदेश नव्हता. पण आसपास कुठं मयत झाली असं कळलं, की ते हातातला घास ठेवून उठत. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. काढायला डॉक्टर जीपनं येत. त्याआधी जाऊन मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवणं, मान थोडी उंच करणं, पंखा असला तर बंद करणं, हे माणिकराव करत. हातात पत्र्याचा डबा, त्यात कापूस, बाटल्या आणि बर्फाचा थर्मास. उदगीरचा बर्फाचा कारखाना त्या उन्हाळ्यात पाण्यावाचून बंद होता. मग त्यांनी स्टँडवरच्या गारीगारवाल्याला धरलं. त्याची बर्फाची पेटी लांबून एसटीच्या टपावर यायची. तो म्हणायचा, "घ्या डोळेवाले. पन पांढराच घ्या, लाल नगा घेऊ, डॉक्टर भ्याईल." माणिकराव मोठ्यानं हसायचे. मयतीला निघालेला माणूस असा हसतो, याचं मला तेव्हा नवल वाटे.

खांद्याला त्यांच्या फिरकीचा तांब्या असे. मयताच्या घरात ते कधी पाणी मागत नसत. लोकांना वाटे, दुष्काळ आहे म्हणून स्वतःचं पाणी घेऊन फिरतात. दुष्काळ होताच. पण ह्यांना कुठल्या भांड्यात पाणी द्यायचं, हा प्रश्न रडणाऱ्या घराला पडू नये, हे खरं कारण. त्यांनी ते मला कधी सांगितलं नाही. मला आपोआप कळलं, कारण तसला प्रश्न पडणाऱ्या घरांपैकी एक माझं होतं.

फॉर्म त्यांनी पुढं स्वतःहूनच बंद केले. अहमदपूरचे एक निवृत्त गुरुजी होते. मोठ्या हौसेनं त्यांनी फॉर्म भरला, सही केली आणि घडी घालून ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवला. घरात कुणाला बोलले नाहीत. गुरुजी गेले, घरच्यांनी रीतीनं सगळं केलं. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मुलानं कोरं धोतर काढायला ट्रंक उपसली, तर तळाशी हाताला फॉर्म. तो तसाच एसटीत बसून दवाखान्यात आला. चाळिशीचा माणूस, ताजं मुंडन केलेलं. फॉर्म टेबलावर ठेवून माणिकरावांना म्हणाला, "आता काय करू मी ह्याचं? सांगा न्हवं. काय करू?"

माणिकराव उठले, त्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. तो गेल्यावर उरलेले सगळे फॉर्म त्यांनी कपाटात घातले, पट्टीनं दुरुस्त केलेले ते सगळे.

"कागदाला तोंड न्हाई बिरादार," ते म्हणाले. "मानूस मेल्यावर बोलायला घरातलंच कुनीतरी लागतं."

तेव्हापासून त्यांची पद्धत बदलली. कुणी डोळे द्यायचं म्हणालं, की ते त्याच्या घरी जायचे. सगळ्यांना समोर बसवायचे, सुनांनासुद्धा. मग देणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आणि ऐकणाऱ्यांतल्या एकानं ते परत म्हणून दाखवायचं. शाळेत पाढे म्हणून घेतात तसं. हसू येई, पण ते सोडत नसत. मुखेडकडच्या एका गावात एक म्हातारी म्हणाली, "घ्या माझे डोळे. पन आधी ह्या सुनंला सांगा, मी जित्ती असताना काढू नगं." सून फणकारली, "तुमचे डोळे काढून काय करू? त्यांनी तरी माझं चांगलं कुठं दिसतंय तुम्हाला?" सगळं घर हसलं, आणि त्या हसण्यातच सुनेनं सासूचं म्हणणं परत म्हणून दाखवलं. चार महिन्यांनी म्हातारी गेली, तेव्हा निरोप धाडणारी तीच सून होती.

पुढच्या जन्मी आंधळं येऊ, ही भीती घरोघर. माणिकराव त्यावर वाद घालत नसत. विचारायचे, "राख सावडताना कधी डोळे सापडले का? आगीला दिले तर चालतं, मानसाला दिले तर चालत न्हाई व्हय?" त्यांचा नियमच होता, की मयताच्या दारात आपण मागायचं नाही. जायचं, उभं राहायचं. घरचं कुणी हाक मारली तर आत. नाही मारली तर मातीला जाऊन परत. "रडत्या मानसाला मागनं म्हंजे लुबाडनं हाय," असं म्हणायचे.

स्वतःच्या घरी तर त्यांनी बायकोला, शांताबाईंना, अगदी वीट आणला होता. एकदा डबा द्यायला दवाखान्यात आल्या, तेव्हा मला म्हणाल्या, "भाऊ, हे रोज इचारतेत, मी मेलो तर पयलं काय करशील. मी म्हनलं, पयलं निवांत झोपन." मग हसू थांबल्यावर पदर सारखा करत म्हणाल्या, "ठाव हाय मला सगळं. कापूस भिजवून ठेवीन."

आता माझ्या वडिलांचं.

त्यांना आम्ही दादा म्हणायचो. हिवाळ्यात डोळे दाखवायला दवाखान्यात आले. माणिकरावांनी बॅटरी मारून बघितलं, मोतीबिंदू पिकायचा होता. दादांच्या कानावर त्यांची ख्याती गेलेली. म्हणाले, "मोतीबिंदूचा डोळा चालतो व्हय तुम्हाला?"

"चालतो काका. बुबुळ साफ हाय तुमचं."

"मंग माझे धरा. गेल्यावर मला काय पोथी वाचायची हाय?" आणि पुढं सहज म्हणाले, "या की एकदा घरी. म्हातारीला, भावाला, सगळ्याला समजून सांगा."

मी शेजारीच उभा होतो. घाईनं म्हणालो, "कशाला त्यांना तकलीफ, दादा. मी सांगतो घरात."

आमचं गाव दवाखान्यापासून बारा किलोमीटरवर, फाट्यापर्यंत एसटी. तकलीफ कसलीच नव्हती. माणिकराव त्याहून चौपट लांब जायचे. पण ते आले असते, तर त्यांना ओसरीवर बसवायचं की अंगणात, चहा कपात द्यायचा की बाजूला ठेवलेल्या पेल्यात, आणि आमचे थोरले चुलते समोर असताना ते सगळं कसं व्हायचं, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात आलं. दादांना त्याचं काही वाटलं नसतं. मला वाटलं. शिकलेल्या मला.

माणिकरावांनी माझ्याकडं बघितलं. कळलं असेल त्यांना. पण म्हणाले, "चालतंय. बिरादार आपलाच मानूस हाय." आपला नियम त्यांनी एकदाच मोडला, तो माझ्यासाठी. मी घरात सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत हिवाळा गेला.

एप्रिलमध्ये सत्यभामा दवाखान्यात आली. मुखेड तालुक्यातली, वय बावीस-तेवीस, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. लहानपणी देवी येऊन एक डोळा गेलेला. दुसऱ्या डोळ्यावर तिचं सगळं चाललं होतं. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना त्याच डोळ्यात कपची उडाली. गावात कुणीतरी पाला पिळला आणि बुबुळ सडायला लागलं. तिचा केसपेपर मीच काढला. डॉक्टर म्हणाले, आठवड्याभरात दुसरं बुबुळ मिळालं, तर जीपनं मोठ्या दवाखान्यात नेऊन बसवता येईल. नाहीतर डोळाच काढावा लागेल.

माणिकराव रोज तिच्या खाटेपाशी जात. एकदा कुणी बाई तिला म्हणाली, लेकराचं तोंड दिसू दे गं बाई तुला. सत्यभामा म्हणाली, "लेकराचं तोंड हातानं बी कळतंय. ज्वारीतले खडे कळत न्हाईत. नवरा रोज ताटावरनं उठायलाय." माणिकराव हे बाहेर येऊन मला सांगत होते. "बिरादार, चार दिस राहिले. ह्या आख्ख्या तालुक्यात चार दिसात कुनी मरत न्हाई म्हंजे काय?" असलं बोलून ते स्वतःच चपापले.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी नऊच्या सुमाराला माझे दादा गेले. गोठ्यात वैरण टाकता टाकता खाली बसले ते बसलेच.

फाट्यावर गेलेल्या कुणीतरी एसटीच्या कंडक्टरला ही बातमी सांगितली, त्याच्याकडून ती दवाखान्यात पोचली. अकराला माणिकराव आमच्या अंगणात होते. फाट्यापासून उन्हात चालत आलेले, सदरा पाठीला चिकटलेला, हातात डबा. कडुनिंबाखाली उभे राहिले, माणसांपासून जरा बाजूला. माती चारनंतर व्हायची होती, मुखेडहून आत्या यायची होती. वेळ होता. सहा तासांतले चार तास शिल्लक होते.

थोरल्या चुलत्यांनी विचारलं, "ह्यो कोन रं?"

"दवाखान्यातला हाय. मातीला आलाय."

"डबा कशाचा?"

"त्याचा त्याचा असंल."

तासभर ते तिथं उभे राहिले. मी बायकांच्या रडण्यातून आत जायचो, बाहेर यायचो, नसलेली कामं काढायचो. आई दादांच्या उशाला बसलेली. दोनतीनदा तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, रडून थकलीय.

मग माणिकरावांनी दुसरा नियम मोडला. माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, "घरात बोलला होता न्हवं, बिरादार?"

एकच वाक्य लागत होतं. चुलत्यांपाशी जाऊन म्हणायचं, की दादांची इच्छा होती. ते ओरडले असते. भावकी बोलली असती. बोलली असती आणि झालं असतं. एवढंच.

मी म्हणालो, "बोललो. घरातले नगं म्हनतेत."

माझ्या खांद्यावरचा हात लगेच निघाला नाही. जरा दाबून मग निघाला. "मंग राहू द्या," ते म्हणाले. "घरच्याच्या मनाबाहीर न्हाई. तुम्ही तुमच्या जिवाला तकलीफ करून घिऊ नगा." मला धीर देत होते ते. मातीला सगळ्यांच्या मागं चालले, शेतात बांधावर थांबले आणि तसेच फाट्याकडं निघून गेले. डब्यातल्या बर्फाचं तोवर पाणी झालं असणार.

सत्यभामाला कुणाचं बुबुळ मिळालं नाही. मी दहाव्यानंतर कामावर गेलो, तेव्हा तिचा डोळा काढून झाला होता. तिच्या नवऱ्याला अंधत्वाचा दाखला हवा होता. दाखले लिहायचं काम माझं. नाव, गाव, वय लिहिलं. 'दोन्ही डोळे' लिहिलं. 'कायम' लिहिलं. डॉक्टरांनी सही केली. नवऱ्यानं कागद घडी करून तिच्या हातात दिला, तिनं तो चाचपला आणि विचारलं, "शिक्का मारला का?" मी शिक्का मारायचा विसरलो होतो. परत घेऊन मारला.

मी मनाची समजूत घातली, की चुलते नाहीच म्हणाले असते. दोन वर्षं ती समजूत पुरली. मग आईला मोतीबिंदूसाठी दवाखान्यात आणलं. माझी खिडकी आणि माणिकरावांचं स्टूल यांच्यात दहा पावलं. ते बॅटरी घेऊन तिच्या डोळ्यात बघत होते आणि आई बोलत होती, तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात.

"तुम्हीच न्हवं का ते, डबा घिऊन आलते? ह्यांनी मला सांगितलं होतं, डोळे द्यायचे म्हनून. मी उशाला बसून वाट बघत होते, पोरगं आता बोलंल, मग बोलंल. दिरापुढं मी कसं तोंड उघडू? ते काईच बोललं न्हाई. मग मला वाटलं, तुम्हालाच नगं असतील मोतीबिंदूचे डोळे."

माझ्या हातात एक केसपेपर होता. त्यावरचं नाव मी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

माणिकरावांची बॅटरी विझली. मग ते म्हणाले, "आई, जरा वर बघा."

बस्स, एवढंच. माझ्याकडं आले नाहीत, त्या दिवशी काय किंवा नंतर कधीही त्यावर एक शब्द बोलले नाहीत. आईच्या ऑपरेशनला स्वतः हजर राहिले, पट्टी स्वतः सोडली. पण दुसऱ्या दिवशी रजिस्टर मागायला खिडकीशी आले आणि म्हणाले, "बिरादार साहेब, रजिस्टर द्या." तोवर मी नुसता बिरादार होतो. त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत मी साहेब राहिलो. दवाखान्यात नव्यानं आलेल्यांना वाटे, केवढा मान देतात.

त्यांनी काम थांबवलं नाही. मात्र एक गोष्ट बदलली. घरी जाऊन सगळ्यांना बसवायच्या नियमाला त्यांनी पुन्हा कुणाचाही अपवाद केला नाही. डॉक्टर असो, आमदाराचा माणूस असो, 'मी सांगतो घरात' म्हणालं, की ते म्हणत, "न्हाई. मी येतो." त्या 'मी येतो'मागं कोण आहे, हे दवाखान्यात फक्त मला माहीत होतं.

निवृत्त झाल्यावर ते उदगीरला स्टेशनामागं राहायला गेले. मी कधी गेलो नाही. माझी पन्नाशी उलटली, बदल्या झाल्या, नांदेडला आठ वर्षं काढली, परत आलो. दोनदा ते स्टँडवर दिसले. दोन्हीदा मी दुसऱ्या बाजूच्या गाडीत चढलो.

गेल्या महिन्यात शांताबाईंचा फोन आला. माझा नंबर त्यांच्याकडं कसा, हे मी विचारलं नाही. "भाऊ, हे गेले सकाळी. ह्यांच्या वहीत तुमचं नाव होतं, कळवायच्या लोकात."

पोचलो तेव्हा दुपार झाली होती. घरात माणसं होती, पण गोंधळ नव्हता. माणिकराव खाटेवर होते, पांढरी चादर छातीपर्यंत. पापण्या मिटलेल्या, नीट बसवलेल्या. ठाऊक नसलेल्याला काही कळलं नसतं. शांताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "सगळं बराबर झालं भाऊ. सुनंनं फोन केला, मी कापूस ठिवला. तासाभरात डॉक्टर आले. एक डोळा नांदेडला लागंल, एक लातूरला, म्हनून गेले." त्यांच्या आवाजात रडणं होतं आणि त्याच्याखाली, काम बिनचूक पार पाडलेल्या बाईचा ताठा होता.

कुणीतरी खाटेजवळ खुर्ची सरकवली. मी बसलो. आणि त्या तोंडाकडं बघत राहिलो, किती वेळ ते सांगता येत नाही. हनुवटीच्या डाव्या बाजूला एक जुना व्रण होता, लहानपणी पडल्याचा असावा, चांगला बोटभर. सोळा वर्षं त्या माणसाच्या समोर बसून मी काम केलं आणि तो व्रण मला माहीत नव्हता. त्या दिवशी ते डोळे तिथं नव्हते, म्हणून दिसला.